टेलिफोनवरून दिसणारे केस

जगाला मानवाधिकारांचे धडे देण्याचा मक्ता घेतलेल्या अमेरिकेत, नोकरी हवी असेल तर डोक्यावरचे केस कापून या, असे एका कृष्णवर्णीय तरुणीला सांगण्यात आले आणि तेथील न्यायासनाला त्यात काहीही गैर दिसले नाही! घटना २०१० सालची, अलाबामा राज्यातील मोबाईल शहरातली. विमा कंपन्यांच्या वतीने ग्राहकांच्या दूरध्वनींना उत्तरे देणाऱ्या एका कंपनीने या तरुणीची मुलाखत घेतली, तिची निवडही केली. त्यानंतर मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी बाईंची नजर तिच्या केसांवर गेली. ते लॉक्स पद्धतीचे, नीट वळलेल्या बटांचे होते. असे केस पुढे विस्कटतात, तुमचे विस्कटलेले आहेत असे नव्हे, पण नियम म्हणजे नियम, असा बाईंचा एकूण सूर. तरुणीने केस कापण्यास नकार दिला आणि नोकरी गेली. काम टेलिफोनवर बोलण्याचे होते. ज्या ग्राहकाला तिचा चेहराही कधी दिसणार नव्हता, त्याच्यासमोर कंपनीची कोणती प्रतिमा मलिन होणार होती?

समान रोजगार संधी आयोगाने २०१३ मध्ये दावा दाखल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये अकराव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. अपील न्यायालयाची मांडणी मोठी चतुर आहे. केसांचा पोत जन्मजात, म्हणून त्यावरून भेदभाव निषिद्ध. केशरचना मात्र माणसाने निवडलेली, म्हणून तिला कायद्याचे संरक्षण नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एका विमान कंपनीतील कर्मचारी स्त्रीच्या बारीक वेण्यांबाबत हेच म्हटले होते. वर, ही रचना एका गोऱ्या नटीने चित्रपटातून लोकप्रिय केल्याचा दाखलाही दिला होता. पिढ्यान्पिढ्यांची रीत जिची, तिलाच ती नक्कल ठरवून परत करायची, याला काय म्हणावे?

मुळात पोत आणि रचना यांची ही फारकत कागदावरच टिकते. घट्ट कुरळ्या केसांची गळालेली केसटोके सरळ केसांसारखी सुटून खाली पडत नाहीत. शेजारच्या केसांत गुंतून राहतात. त्या गुंत्याला शिस्त लावली की लॉक्स होतात. बट घट्ट व्हायला महिने, कधी वर्षेही लागतात. नियमित धुणे, धुतल्यावर आतपर्यंत पूर्ण वाळवणे (ओल राहिली तर कुबट वास येतो), आणि मुळाशी वाढलेले नवे केस दर काही आठवड्यांनी पुन्हा वळणे, एवढी निगा त्यामागे असते. ‘हे लोक केस विंचरायचा आळस करतात’ असे समजणाऱ्यांनी एकदा ती निगा करून पाहावी. शिवाय जुनी लॉक्स सोडवणे जवळजवळ अशक्यच असते. म्हणजे ‘केशरचना बदला’ या सौम्य वाक्याचा खरा अर्थ ‘केस कापा’ एवढाच उरतो.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल. डोक्यात जट झाली की देवीचा कौल समजून मुलीला यल्लम्मेला सोडण्याची दुष्ट रूढी आपल्याकडे होती, आणि अशा जटा कापण्याची मोहीम समाजसेवकांनी चालवली ती योग्यच होती. परंतु भीतीपोटी न धुतलेली, मान अवघडून टाकणारी जट वेगळी आणि स्वेच्छेने राखलेली स्वच्छ बट वेगळी. शंकराच्या जटा वंदनीय मानणाऱ्या समाजाला हा भेद समजायला अडचण पडू नये.

तथाकथित ‘व्यावसायिक’ दिसण्याची किंमत कोण मोजते, तेही पाहिले पाहिजे. कुरळे केस सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रसायनांत कॉस्टिक सोडा असतो. त्याने टाळू भाजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीवरून २०२२ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार, अशी उत्पादने कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के पडते. कार्यकारणभाव याने सिद्ध होत नाही, हे खरे. पण गोऱ्या स्त्रीला नोकरीसाठी असल्या संशयाच्या छायेत राहावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

ही खोड जुनी आहे. १७८६ मध्ये लुईझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नराने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस फडक्याने झाकण्याचा हुकूम सोडला होता. त्यामागे निदान स्वच्छतेचे सोंग नव्हते.

यंत्रावर काम करणाऱ्याने केस बांधावेत, स्वयंपाकघरात जाळी घालावी. त्याला कोणाचाच विरोध नाही. तो नियम सरळ केसांनाही लागू असतो. अमेरिकी सैन्याने २०१४ च्या गणवेश नियमांत लॉक्सना मनाई केली होती; जानेवारी २०१७ मध्ये स्त्री सैनिकांना ती मोकळी झाली आणि त्याच महिन्यात शीख सैनिकांच्या पगडी-दाढीचा मार्गही सुकर झाला. शिस्त कोसळल्याचे ऐकिवात नाही.

तेथे राहणाऱ्या हिंदू कुटुंबांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. शेंडी, टिळा वा केश यांना तेथील कायद्यात धर्माचरण म्हणून जागा मिळते, आणि जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशी सवलत नाकारणे मालकांना अधिक अवघड झाले. पण जिने लॉक्स धर्माज्ञा म्हणून नव्हे, केवळ आपले केस तसे आहेत म्हणून राखली, तिला हे दार बंद. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा करून ते उघडले. वीसहून अधिक राज्ये मागोमाग गेली. संपूर्ण देशासाठीचे विधेयक मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडले. अकराव्या मंडलाच्या कक्षेत अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा ही तीन राज्ये येतात, आणि २०१६ चा तो निकाल त्या न्यायालयाने अद्याप मागे घेतलेला नाही.