'फॉल्टी टॉवर्स' : एक आवडता भाग, एक नावडता

'फॉल्टी टॉवर्स'चे भाग अवघे बारा. त्यांतले सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर दाखवले गेले. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या लेखकद्वयाने तेरावा भाग लिहिला नाही. या संयमामुळे अभ्यासकाची एक सोय झाली आहे. प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपासचा आणि स्वयंपूर्ण असल्याने तो एकांकिकेसारखा सुटा काढून तपासता येतो. मालिकेची थोरवी सांगण्याचे आता काही कारण उरलेले नाही. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील शंभर कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात ही मालिका पहिली होती. मात्र एखादी कलाकृती अभिजात ठरली की तिच्यातले डावे-उजवे करणे आपण सोडून देतो. ते करावे असे आम्हांला वाटते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी बेझिल फॉल्टी आणि त्याची पत्नी सिबिल एक लहानसे हॉटेल चालवतात. बेझिलला उमरावांची संगत हवी असते आणि दारात येतात सामान्य प्रवासी. वरच्यांपुढे लाळघोटेपणा, खालच्यांवर खेकसणे आणि बायकोच्या धाकाने खोटे बोलणे या तीन गोष्टींवर त्याचे आयुष्य चालते. हाताखाली पॉली ही चलाख मुलगी आणि बार्सिलोनाहून आलेला, इंग्रजी जेमतेम जाणणारा मॅन्युएल हा वेटर. कायमचा मुक्कामी असलेला एक विसराळू निवृत्त मेजरही आहे. पहिले खोटे लपवायला दुसरे, दुसरे लपवायला तिसरे, हा फार्सचा जुनाच नियम येथे आहे. बबन प्रभूंच्या फार्सवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

फार्स शिकवताना आम्ही या मालिकेतले काही भाग वर्गात दाखवतो. एकदा बेझिल मॅन्युएलच्या डोक्यात टपली मारतो त्या प्रसंगाला वर्ग हसला, पण एक विद्यार्थी हसला नाही. तो संध्याकाळी एका हॉटेलात टेबले पुसण्याचे काम करून एम.ए. करणारा होता. तास संपल्यावर त्याने विचारले, "सर, वेटरला मारतात यात हसायचं काय?" 'फार्समधला मार खोटा असतो, तो मनावर घ्यायचा नसतो' हे उत्तर आमच्या जिभेवर होते, पुस्तकांत तेच असते. पण फार्समधले सारेच मार सारखे नसतात. मार कोणाला बसतो, आणि तो फिरून मारणाऱ्यापर्यंत येतो की नाही, या दोन प्रश्नांवर बाराही भाग पारखून पाहिले, तेव्हा आमच्या आवडीनिवडीची उतरंड बरीच बदलली.

'गूर्मे नाइट'मधला मोटारीचा प्रसंग प्रसिद्धच आहे. खास पाहुण्यांना मेजवानी आहे, आचारी दारू पिऊन पडला आहे, दुसऱ्या उपाहारगृहातून बदक आणायला गेलेल्या बेझिलची मोटार वाटेत बंद पडते. तो तिला रीतसर समज देतो, तीन आकडे मोजतो आणि शेवटी झाडाची फांदी आणून तिला फोडून काढतो. येथे हसताना मनात काहीच अडखळत नाही. यंत्राला दुखत नाही एवढेच त्याचे कारण नव्हे. बेझिल मोटारीला जे बोलतो ते तो रोज माणसांना बोलत असतो; मोटार मध्ये आल्याने त्याच्या बोलण्यातले वेडेपण उघडे पडते, इतकेच. 'द किपर अँड द कॉर्प्स'मध्ये हेच निराळ्या रीतीने घडते. रात्रीच झोपेत वारलेल्या पाहुण्याच्या खोलीत बेझिल सकाळी न्याहारी घेऊन जातो आणि हा गृहस्थ साधे आभारही मानत नाही म्हणून कुरकुरतो. पुढे ते प्रेत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते, आणि मुक्कामाला असलेले डॉक्टर आपल्या सॉसेजची वाट पाहत राहतात. मेलेल्या माणसाकडूनही सौजन्याची अपेक्षा धरणारा हॉटेलवाला! येथे अपमान होतो तो अपमान करणाऱ्याचाच.

आमचा सर्वांत आवडता भाग मात्र 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स'. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो पाहावाच, कारण त्याचा विषयच भाषा हा आहे. ऐकू न येणाऱ्या मिसेस रिचर्ड्स श्रवणयंत्र बाळगतात, पण बॅटरी संपते म्हणून ते सुरू करत नाहीत. मॅन्युएलला इंग्रजी नीट कळत नाही. मेजरला सारे कळते, पण लक्षात राहत नाही. न ऐकणे, न कळणे आणि विसरणे, असे संवाद तुटण्याचे तीन प्रकार तीन पात्रांत वाटून दिले आहेत, आणि त्यांच्या मधोमध बेझिल एकच गोष्ट सांभाळत उभा आहे : घोड्याच्या शर्यतीत जिंकलेले पंचाहत्तर पौंड. जुगाराला सिबिलची सक्त बंदी असल्याने ती रक्कम तिच्यापासून लपवायची आहे.

यातला एक धागा पाहा. घोड्याविषयी कोणी विचारले तर तुला काहीही माहीत नाही, असे बेझिल मॅन्युएलला बजावतो. मॅन्युएल तो धडा नेहमीच्या निष्ठेने पाठ करतो. पुढे मिसेस रिचर्ड्स यांचे पैसे हरवतात, बेझिलच्या हातातले पैसे त्यांना दिसतात आणि चोरीचा आळ त्याच्यावर येतो. हे पैसे माझेच आहेत याची साक्ष द्यायला बेझिल मॅन्युएलला पुढे करतो. मॅन्युएल छाती काढून, मोठ्या अभिमानाने सांगतो की आपल्याला काहीच माहीत नाही. नोकराने मालकाची आज्ञा अक्षरशः पाळली, आणि त्या आज्ञापालनानेच मालक उताणा पडला. मॅन्युएल येथे हुशारी करत नाही, सूडही घेत नाही. बेझिलने आजवर त्याला माणूस न मानता हुकूम ऐकणारे यंत्र मानले, त्याची पुरेपूर किंमत बेझिललाच मोजावी लागते. शेवटी मेजरला भलत्याच क्षणी सारे आठवते, मिसेस रिचर्ड्स यांचे फुलपात्र बेझिलच्या हातून फुटते आणि जिंकलेले पैसे भरपाईत जातात. यातले काहीही वरून टपकलेले नाही. २०२४ साली क्लीझने लंडनच्या अपोलो नाट्यगृहात ही मालिका रंगभूमीवर आणली. त्यासाठी तीन भाग एकत्र गुंफले, त्यांत हा होता. आम्हांला त्याचे नवल वाटले नाही.

(जाता जाता : ही मालिका स्पेनमध्ये डब झाली तेव्हा मॅन्युएलला इटालियन करण्यात आले, आणि त्याचे नाव पाओलो ठेवले गेले. ज्याला हसायचे तो आपल्या गावचा नसावा, ही सोय साऱ्या जगाला हवी असते.)

रसिकांचे बहुमत 'द जर्मन्स'च्या बाजूने आहे, हे आम्ही जाणतो. डोक्याला मार बसलेला बेझिल जर्मन पाहुण्यांपुढे युद्धाचा विषय टाळू पाहतो आणि प्रत्येक वाक्यात नेमका तोच काढतो. हा शेवटचा तृतीयांश अप्रतिम आहे. पण त्याआधीचे रुग्णालय आणि आगीची तालीम हे दोन तुकडे त्याला सैल टाक्यांनी जोडलेले आहेत. २०२० साली हा भाग मेजरच्या तोंडच्या वंशद्वेषी शब्दांमुळे एका प्रसारण-सेवेवरून काढला गेला आणि मग सूचनेसह परत ठेवला गेला. हसू मेजरचे होते, त्याच्या मतांचे समर्थन नव्हते, असे क्लीझचे म्हणणे. आमच्या निकषावर ते अर्धेच उतरते. शेवटच्या प्रसंगात पाहुणी स्त्री रडते, तिचे सोबती शांतपणे विरोध करतात, बेझिल उघडा पडतो; मार फिरून येतो. मेजरच्या शब्दांना मात्र कोणी उत्तर देत नाही, कारण ते ज्यांच्याविषयी आहेत त्यांतले कोणी त्या हॉटेलात नाहीच. आणखी एक गोष्ट हा भाग पाहताना आमच्या मनातून जात नाही. मॅन्युएल झालेले अँड्र्यू सॅक्स १९३० साली बर्लिनमध्ये जन्मले. वडील ज्यू असल्याने १९३८ साली कुटुंबाला नाझी जर्मनी सोडून इंग्लंडला यावे लागले. ज्या भागात बेझिल नाझी संचलनाची नक्कल करतो, त्याच भागातल्या आगीच्या प्रसंगासाठी सॅक्स यांच्या कोटाला धूर यावा म्हणून रसायन लावले होते, आणि त्याने ते खरोखर भाजले. फार्समधला मार खोटा असतो या विधानाला एवढी तळटीप हवीच.

आता नावडता भाग. आमच्या मते तो 'द सायकायट्रिस्ट'. त्याचा पहिला प्रवेश उत्तम आहे : डॉक्टर पाहुणे आले म्हणून बेझिल हरखतो, आणि ते मनोविकारतज्ज्ञ आहेत हे कळताच आक्रसतो. हॉटेलवाल्यांना सुट्टी किती वेळा मिळते, असा साधा प्रश्न आपल्या शय्यागृहाविषयी आहे असे समजून तो उत्तर देतो, येथपर्यंतही ठीक आहे, कारण ती चूक त्याच्या भीतीतून उगवते. पण मग एका तरुण ऑस्ट्रेलियन पाहुणीला आणले जाते. पुन्हा पुन्हा योगायोग असे जमवले जातात की बेझिलचा हात तिच्या अंगावर पडावा आणि नेमक्या त्याच क्षणी सिबिल दारात यावी. एकदा तर रंगाने माखलेल्या हाताचा ठसाच तिच्या छातीवर उमटतो. त्या मुलीला या कथेत दुसरे काहीही काम नाही. तिला काही हवे नाही, ती काही लपवत नाही, तिच्या असण्याने बेझिलच्या खोट्याला नवा पीळ पडत नाही. मॅन्युएललाही मार बसतो, पण त्याला निदान स्वतःचे मन, अभिमान आणि गैरसमज आहेत. येथे मार तिसऱ्याच व्यक्तीला बसतो आणि तिच्यापाशीच संपतो. असे प्रसंग कोणत्याही सुमार प्रहसनात सापडतात. क्लीझ-बूथ यांच्यासारख्या काटेकोर कारागिरांनी ते लिहिले याचे आम्हांला वाईट वाटते.

'द ॲनिव्हर्सरी'विषयी मात्र आम्हां दोघांत एकमत नाही. लग्नाचा वाढदिवस विसरल्याचे नाटक करून बेझिल सिबिलसाठी गुपचूप मेजवानी ठरवतो. ती दुखावून निघून जाते, आणि जमलेल्या मित्रांपुढे तो तिला आजारी ठरवून तिच्या जागी पॉलीला अंधाऱ्या खोलीत निजवतो. आमच्यापैकी एकाला हा भाग पाहवत नाही : बेझिलने एकदाच प्रेमापोटी खोटे बोलावे आणि त्यालाच सर्वांत कठोर शिक्षा व्हावी, हे त्याला अन्यायाचे वाटते. दुसऱ्याचे म्हणणे असे की सिबिल गाडीत बसून निघते तेव्हा या मालिकेत प्रथमच कोणाला तरी खरे दुखते, आणि क्लीझ व बूथ यांचा घटस्फोट १९७८ साली झाला होता हे माहीत नसतानाही ते कळते. हा वाद गेली काही वर्षे आमच्या स्टाफरूममध्ये चालू आहे.