विश्लेषण : परदेशातल्या जुन्या ‘होम कॉम्प्युटर’ची योग्य किंमत कशी ओळखायची?

जाडजूड कीबोर्ड, त्यातच बसवलेला अख्खा कॉम्प्युटर आणि टीव्हीवर उमटणारा निळा पडदा. १९८०च्या दशकातली ही यंत्रे रील्स आणि यूट्यूबवर पुन्हा दिसू लागली आहेत. त्याबरोबर ‘रेअर’, ‘व्हिंटेज’, ‘कलेक्टर्स आयटम’ असे शिक्के मारून त्यांची विक्रीही जोरात आहे. ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेतला विक्रेता सांगतो ती किंमत रास्त आहे की अव्वाच्या सव्वा, हे कसे कळणार? वस्तू किती जुनी आहे यावरून ते ठरत नाही. ती चालू स्थितीत घरी पोहोचेपर्यंत एकूण किती पैसे लागतील, यावरून ठरते.

चर्चा आता कशामुळे?

एक कारण ‘कमोडोर’चे पुनरागमन. मूळ कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२५ मध्ये रेट्रो कॉम्प्युटरवर व्हिडिओ करणारे यूट्यूबर ख्रिश्चन सिम्पसन यांच्या पुढाकाराने हा ब्रँड विकत घेण्यात आला आणि ‘कमोडोर ६४ अल्टिमेट’ हे नवे यंत्र सुमारे ३०० डॉलरपासून जाहीर झाले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृती बाजारात आली होती. नव्याची जाहिरात झाली की जुन्याचीही विचारणा वाढते.

दुसरे कारण टपालाचे नियम. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलला शुल्कातून सूट होती. ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी थांबवण्यात आली. त्या वेळी भारतासह अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले काही काळ बंदही ठेवली होती. त्यामुळे अमेरिकेत राहून युरोपातून किंवा जपानमधून जुने यंत्र मागवणाऱ्यांचे जुने गणित आता चालत नाही.

जुने म्हणजे दुर्मीळ?

नाही. ॲपलचा पहिला कॉम्प्युटर ‘ॲपल-१’ १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकला गेला. त्याचे जेमतेम २०० नग तयार झाले होते. म्हणूनच २०१४ मध्ये एका लिलावात त्याला नऊ लाख डॉलरहून अधिक बोली लागली. अशा बातम्या वाचून माळ्यावरचा प्रत्येक जुना कॉम्प्युटर सोन्याचा असल्याचा समज होतो.

कमोडोर ६४ची गोष्ट अगदी उलट आहे. १९८२ ते १९९४ या काळात तो तयार होत होता. वेगवेगळ्या अंदाजांनुसार त्याचे सव्वा ते पावणेदोन कोटी नग विकले गेले. स्पेक्ट्रमही ५० लाखांच्या घरात गेला. एवढ्या संख्येने बनलेली वस्तू ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जात असेल, तर ते विशेषण किमतीतून वजा करावे. अपवाद असतात : अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या, मूळ खोक्यासह आणि कागदपत्रांसह जपलेले नग, किंवा खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळणारी जोडी. मात्र तो दावा फोटोत दिसायला हवा.

मूळ किमतीवरून अंदाज बांधणेही चुकीचे ठरते. कमोडोर ६४ आला तेव्हा त्याची किंमत ५९५ डॉलर होती. महागाई धरली तर ती आजच्या सुमारे २,००० डॉलरइतकी होते. पण किमतींच्या युद्धात वर्षभरातच हेच यंत्र २०० डॉलरच्या आसपास आले होते.

बाजारभाव पाहायचा कुठे?

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो. ईबेसारख्या संकेतस्थळावर ‘सोल्ड आयटम्स’ हा पर्याय निवडला की अलीकडे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. तिथे एकाच मॉडेलच्या, सारख्याच स्थितीतल्या दहा-बारा व्यवहारांची यादी करावी. सर्वात महाग आणि सर्वात स्वस्त असे एक-दोन व्यवहार बाजूला ठेवावेत. उरलेल्यांच्या मध्यावरची किंमत हा बाजारभाव. विक्रेत्याने घासाघीस करून ‘बेस्ट ऑफर’ स्वीकारली असेल, तर यादीत खोडलेली मूळ किंमत दिसते. खरा सौदा त्याहून कमी किमतीत झालेला असतो.

एक पथ्य पाळावे. एकट्या यंत्राची तुलना एकट्या यंत्राशीच करावी. डिस्क ड्राइव्ह, जॉयस्टिक आणि ५० कॅसेटसह विकल्या गेलेल्या संचाशी नको.

‘अनटेस्टेड’चा अर्थ काय?

‘केबल नसल्याने तपासता आले नाही’ हे वाक्य अशा जाहिरातींत वारंवार दिसते. काही वेळा ते खरे असते. पण किंमत ठरवताना ‘अनटेस्टेड’ म्हणजे ‘बंद’ असेच धरावे. बंद यंत्राचा भाव द्यावा. ते चालू निघाले तर फायदा आपला.

‘चालू’ असल्याचा दावाही तपासावा. कमोडोर ६४ सुरू झाल्यावर पडद्यावर ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ असा संदेश येतो. आकडा कमी असेल, तर बिघाड मेमरीत असण्याची शक्यता मोठी. पण आकडा बरोबर असला, म्हणून कीबोर्डची प्रत्येक कळ, आवाजाची चिप आणि मागची पोर्टेही ठीक आहेत असे नाही. सर्व कळा दाबून दाखवणारा आणि एखादा गेम आवाजासह चालवून दाखवणारा छोटा व्हिडिओ मागावा. विक्रेता तयार नसेल, तर किंमत ‘अनटेस्टेड’च्या पातळीवर आणावी.

हमखास बिघडते काय?

कमोडोर ६४चा सर्वात कुप्रसिद्ध भाग आहे त्याचा मूळ पॉवर सप्लाय. तो आतून रेझिनने भरलेला असल्याने दुरुस्त करणे अवघड. जुना झाल्यावर त्यातला ५ व्होल्टचा पुरवठा वाढत जातो आणि मेमरीसह इतर चिप जाळू शकतो. त्यामुळे मूळ ॲडॅप्टर सोबत असणे ही जमेची बाजू धरू नये. नव्याचा खर्च आधीच हिशेबात घ्यावा. या यंत्राला ५ व्होल्ट डीसीबरोबर ९ व्होल्ट एसीही लागतो. मोबाइलच्या चार्जरवर भागत नाही.

आतली ‘पीएलए’ चिप आणि आवाज निर्माण करणारी ‘सिड’ चिप यांचे मूळ उत्पादन थांबून काही दशके झाली. आधुनिक पर्याय मिळतात, पण मूळ सिड चिपला संग्राहकांमध्ये स्वतंत्र मागणी आहे. काही विक्रेते ती काढून वेगळी विकतात. म्हणून आतल्या बोर्डाचा फोटो पाहणे महत्त्वाचे.

इतर यंत्रांचे रोग वेगळे. स्पेक्ट्रममध्ये कीबोर्डखालचा पातळ पडदा कडक होऊन तुटतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर फुटून धूर काढतात, मात्र ती दुरुस्ती स्वस्तातली आहे. अमिगा ५०० प्लसमध्ये बोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते; ते नुकसान महागात पडते. प्लॅस्टिक पिवळे पडणे हा मात्र केवळ रूपाचा प्रश्न. त्यासाठी थोडी सूट मागावी, सौदा मोडू नये.

देश कोणता निवडावा?

भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आणि टीव्हीसाठी पाल पद्धत आहे. ब्रिटन आणि जर्मनीतली यंत्रे याच जातीची. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि एनटीएससी पद्धतीचे असते. ते स्वस्त मिळाले तरी वेगळा पॉवर सप्लाय लागतो. शिवाय युरोपात लिहिलेले अनेक गेम त्यावर नीट चालत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या खरेदीदारासाठी हेच उलट लागू होते.

पार्सलचे वजनही फसवे असते. यंत्र दोन किलोच्या आत असले, तरी कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकारावरून वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची, ही प्रचलित पद्धत. म्हणजे ५० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरचे खोके ७ किलोचे धरले जाते.

भारतात आणताना अडचण कोणती?

सर्वात मोठा धोका इथेच आहे. भारताच्या परदेश व्यापार धोरणात वापरलेले पर्सनल कॉम्प्युटर ‘निर्बंधित’ गटात येतात. त्यांच्या आयातीला परवाना लागतो. यंत्र ४० वर्षांपूर्वीचे आणि छंदासाठी आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकते, दंड होऊ शकतो किंवा माल जप्तही होऊ शकतो. ‘गिफ्ट’ असे लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवण्याचा विक्रेत्याचा सल्ला ऐकणे म्हणजे धोका वाढवणे. मागवण्याआधी कस्टम ब्रोकर किंवा कुरिअर कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने मागवण्याच्या दिवशीचा दर पाहावा.

म्हणून आधी देशातच शोध घेणे शहाणपणाचे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून भारतीय शाळांत बीबीसी मायक्रो आले होते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्तीही आणली होती. अशा यंत्राला ना शुल्क, ना समुद्रापारचा प्रवास. ते थोडे महाग वाटले तरी एकूण हिशेबात स्वस्त पडू शकते.

हिशेब मांडायचा कसा?

हे उदाहरण केवळ पद्धत समजावी म्हणून. समजा, परवान्याचा प्रश्न सुटला आहे, ब्रिटनमधल्या यंत्राची किंमत १५० पौंड, वाहतूक ६० पौंड आणि एक पौंड ११५ रुपयांचा आहे. यंत्र १७,२५० आणि वाहतूक ६,९०० रुपये, म्हणजे २४,१५० रुपये झाले. शुल्क आणि करांचा एकत्रित बोजा ४० टक्के धरला तर ९,६६० रुपये. नवा पॉवर सप्लाय ५,००० रुपये. दुरुस्तीसाठी यंत्राच्या किमतीच्या २० टक्के राखीव, म्हणजे ३,४५० रुपये. एकूण ४२,२६० रुपये. जाहिरातीत १७ हजारांचे दिसणारे यंत्र घरात ४२ हजारांना पडते.

आता हाच हिशेब उलटा करावा. एकूण ३० हजारांपेक्षा जास्त खर्च करायचा नसेल, तर वाहतूक, कर, पॉवर सप्लाय आणि दुरुस्ती वजा केल्यावर यंत्रासाठी सुमारे ९,६०० रुपये, म्हणजे ८३ पौंड उरतात. हीच बोलीची कमाल मर्यादा. लिलावाच्या शेवटच्या मिनिटाला ती ओलांडायची नाही. ‘आणखी पाच पौंडच तर आहेत’ असे म्हणताना दर पाच पौंडांमागे वर आणखी तीन पौंड खर्च होत असतात.

नव्या यंत्राचा उपयोग काय?

नवी प्रतिकृती ही तुलनेची पट्टी आहे. केवळ जुने गेम खेळायचे असतील, तर एचडीएमआयने टीव्हीला जोडता येणारे, वॉरंटी असलेले नवे यंत्र उपलब्ध आहे. संगणकावर इम्युलेटर तर फुकटात चालतो. तेव्हा चालू कमोडोर ६४चा दारापर्यंतचा खर्च नव्या यंत्राच्या दारापर्यंतच्या खर्चाहून जास्त असेल, तर ती जास्तीची रक्कम निव्वळ ‘अस्सल’पणासाठी मोजली जात आहे. ती मोजायला हरकत नाही. पण किती, हे बोली लावण्यापूर्वी कागदावर लिहिलेले असावे. अशी यंत्रे लाखोंनी बनलेली आहेत. आजची संधी हुकली तरी दुसरी जाहिरात येणारच आहे.