निगेटिव्ह म्हणजे नेमके काय नाही?

सहा वर्षांच्या मुलाचे दोन रिपोर्ट टेबलावर पसरून बाप समोर बसला होता. पहिल्यावर लिहिले होते 'कोडॉन 6 पॉझिटिव्ह, एसएस'. दुसरा शहरातल्या लॅबचा, त्यावर दोन ओळी : 'ग्लू7व्हॅल' आणि 'ट्रिप16 स्टॉप'. "सहा, सात अन् सोळा. पोराले दोष हायेत तरी किती जी?" मुलाची आई खिडकीकडे बघत गप्प बसली होती. ती का गप्प होती, ते शेवटी सांगतो.

सहा आणि सात हा एकच दोष. बीटा-ग्लोबिनची साखळी राइबोसोमवर तयार होताना पहिले अमिनो आम्ल मेथिओनिन असते आणि ते पुढे कापून टाकले जाते. जुन्या अभ्यासकांपुढे तयार झालेले 146 अमिनो आम्लांचे प्रथिन होते. त्यांनी मेथिओनिन सोडून मोजले, म्हणून सिकलची जागा सहावी झाली. आताची नामपद्धती जनुकाच्या पहिल्या कोडॉनपासून मोजते, म्हणून तीच जागा सातवी. सोळावा मात्र खरोखर वेगळा आहे, जुन्या मोजणीतला पंधरावा. या लेखात मी जुनीच मोजणी वापरतो, कारण आपल्या तोंडात तीच बसली आहे.

डीएनएवरून आरएनए, त्यातून इंट्रॉन कापून सलग केलेला संदेश, मग राइबोसोमवर तीन-तीन अक्षरांनी वाचन, ही साखळी आपण अकरावीत पाठ केली आणि परीक्षेनंतर तिथेच ठेवून आलो. रोजच्या कामात तिची गरज पडत नाही असे वाटते. गरज पडते, आणि ती कशी हे पाहायला सहाव्या कोडॉनइतके चांगले ठिकाण नाही.

तिथे तीन अक्षरे आहेत, जीएजी. अर्थ ग्लुटामिक आम्ल. मधले ए जाऊन टी आले की जीटीजी, म्हणजे व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलिन पाणी टाळते. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनवर शेजारच्या रेणूचे हे व्हॅलिन नेमके बसेल असा खळगा असतो. मग रेणूला रेणू चिकटत दोर वळला जातो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये सिकलला 'रेणूचा आजार' म्हटले. पुढे इन्ग्रॅमने दाखवले की सगळा फरक एका अमिनो आम्लाचा आहे.

आता त्याच ए-च्या जागी सी येऊ द्या. जीसीजी, म्हणजे ॲलानिन. हे हिमोग्लोबिन जी-मकासर. अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसवर ते एसच्याच जागी धावते आणि नवख्याला फसवते, पण पेशी वाकवत नाही. आणि तेच ए नुसते गळून पडले तर? तिथून पुढची सगळी त्रिके एक घर सरकतात. सहाव्या जागेपासून बारा अमिनो आम्ले भलतीच लागतात आणि अठराव्या जागी टीजीए, म्हणजे थांबण्याची खूण येते. बीटा साखळी तयारच होत नाही. हा सिकल नाही, हा बीटा-थॅलेसिमिया. एकाच अक्षराच्या जागी एकदा सिकल, एकदा काहीच नाही, एकदा थॅलेसिमिया.

व्याख्यानांत आपण सगळेच 'ध'चा 'मा' हा दाखला देतो. मीही कैकदा दिला आहे. आख्यायिकेतल्या आनंदीबाईंनी एक अक्षर बदलले आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला. श्रोते माना डोलावतात. पण हा दाखला सिकलपुरताच खरा आहे. तिथे हुकूम वाचता आला आणि तामीलही झाला, फक्त चुकीचा झाला. थॅलेसिमियात हुकूम गारद्यांपर्यंत पोहोचतच नाही.

भारतात बीटा-थॅलेसिमियाचे सर्वाधिक आढळणारे म्युटेशन तर प्रथिनाच्या अक्षरांत नाहीच. ते पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरावर आहे, जीऐवजी सी. जो तुकडा कापून फेकायचा, त्यातला हा बदल. पण कात्री कुठे लावायची याची खूण त्यामुळे पुसट होते, संदेश भलत्या ठिकाणी कापला जातो आणि नीट संदेश फार थोडा उरतो. चोविसाव्या कोडॉनचे उदाहरण तर अभ्यासक्रमातल्या 'मूक म्युटेशन' या शब्दावरचा विश्वासच उडवते. जीजीटीचे जीजीए झाले तरी अर्थ ग्लायसिनच राहतो, तरीही थॅलेसिमिया होतो, कारण या बदलामुळे कापणीची एक चुकीची जागा जागी होते.

थांबण्याची खूण मध्येच आली तर काय होते, हेही ती कुठे आली यावर ठरते. पंधराव्या कोडॉनवर टीजीजीचे टीएजी झाले की पेशी तो अर्धवट संदेश ओळखते आणि नष्ट करते. निम्मी बीटा साखळी कमी पडते. दुसरे जनुक चांगले असेल तर माणूस वाहक राहतो आणि हिंडतो-फिरतो. तीच खूण शेवटच्या एक्सॉनमध्ये, 121व्या कोडॉनवर आली तर संदेश या तपासणीतून निसटतो. अर्धवट साखळी बनते, पेशीतच साचते आणि एकच सदोष जनुक असूनही माणूस आजारी पडतो. पंजाबात आढळणारे हिमोग्लोबिन डी याच 121व्या कोडॉनच्या पहिल्या अक्षराचे. तिथे जीचे सी झालेले असते आणि त्याच्या वाहकाला काही त्रास नसतो.

एवढे सगळे संपादकीयात कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण आपली प्रत्येक चाचणी डीएनए ते प्रथिन या साखळीची एकच कडी पाहते. सोल्युबिलिटी टेस्टला फक्त एस दिसते. जे प्रथिन बनलेच नाही, ते तिला दिसणार कसे? एचपीएलसीला प्रथिनांचे प्रमाण दिसते, त्यामागचे अक्षर दिसत नाही. अक्षर फक्त डीएनए चाचणीला दिसते, आणि तेही तिला जिथे बघायला सांगितले असेल तिथलेच.

त्या कुटुंबाचे नेमके हेच झाले होते. आई एएस. बापाची शिबिरात सोल्युबिलिटी झाली होती आणि कार्डावर 'निगेटिव्ह' आले होते. मुलाच्या एचपीएलसीत ए अजिबात नव्हते म्हणून शिक्का बसला एसएस. गावात कुणीतरी हिशेब मांडला : पोरगा एसएस, बाप निगेटिव्ह, मग दुसरा एस आला कुठून? वर्षभर त्या बाईने हा प्रश्न नजरांतून झेलला होता.

दुसरा एस नव्हताच. मुलाचे एक जनुक आईकडून आलेले जीटीजीचे आणि दुसरे बापाकडून आलेले, पंधराव्या कोडॉनवर थांबणारे. म्हणजे सिकल-बीटा-थॅलेसिमिया. एचपीएलसीत तो एसएससारखाच दिसतो. वाढलेले ए2 आणि लहान पेशी पाहिल्या असत्या तर तिथेच संशय आला असता. बापाचा जुना सीबीसी मागवला, त्यात एमसीव्ही 66 होता. त्यावर लोहाच्या गोळ्या दिलेल्या होत्या, दोनदा.

2023च्या जुलैपासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे तुमच्यापैकी अनेक जण त्यात राबत आहात. एवढ्या संख्येला पहिली चाळणी स्वस्तच हवी, सोल्युबिलिटीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो कार्डावरच्या एका शब्दाला. 'निगेटिव्ह' वाचून घरचे लोक 'दोष नाही' असे समजतात, आणि तसे समजण्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून विनंती आहे. पुढच्या शिबिराच्या आधी छापखान्यात जाणाऱ्या मजकुरातून तो शब्द काढा आणि तिथे लिहा : 'एस हिमोग्लोबिन आढळले नाही. थॅलेसिमियाची तपासणी केलेली नाही.' जोडीदारांपैकी एक जण एएस निघाला, तर दुसऱ्याची सोल्युबिलिटी करून थांबू नका. एचपीएलसीवर ए2 पाहा आणि सोबत सीबीसी जोडा. ए2 सीमेवर असेल तर आधी लोहाची कमतरता भरून काढा आणि पुन्हा मोजा. डीएनएच्या रिपोर्टवर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक छापा. जागा एका ओळीची लागते.