गोऱ्हा बडवताना भूल: नियम आला, गोठ्यातली तयारी कुठे आहे?

रिहे खोऱ्यातल्या लहान भातखाचरांत पॉवर टिलर आला तरी बैल पुरता गेलेला नाही. म्हणजे गोऱ्हे बडवणे आणि वेसण टोचणेही चालूच आहे. चौघांनी दाबून धरायचे, चिमटा लावायचा आणि सोडून द्यायचे, ही आपली रीत.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने खच्चीकरण, शिंगे काढणे, डागणे व वेसण घालणे या कामांना 'विहित पद्धतीने' केल्यास सूट दिली होती. ती पद्धत 2023 च्या केंद्रीय नियमांनी ठरवली: काम नोंदणीकृत पशुवैद्यकाने आणि भूल देऊन करायचे. नियम योग्यच आहे. मला धास्ती आहे ती वेगळीच. डॉक्टर वेळेवर मिळाले नाहीत, तर कोणीतरी औषधाच्या दुकानातून बाटली आणून स्वतःच टोचेल.

झायलाझिन हे गुंगीचे नेहमीचे औषध घ्या. घोड्याला शिरेतून किलोमागे साधारण 1.1 मिलिग्रॅम लागते, गाय-बैलाला 0.1 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरते. 300 किलोच्या बैलाला 20 मिलिग्रॅम प्रति मिलीचे औषध जेमतेम दीड मिली, तेवढ्याच वजनाच्या घोड्याला साडेसोळा मिली! शेळी तर बैलापेक्षाही नाजूक. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण जनावराला हे औषध दिल्यास गर्भ पडण्याचा धोका असतो, म्हणून गाभणपण डॉक्टरांना आधी सांगावे.

दुसरा धोका कोठीपोटाचा. आडवे पडलेले जनावर ढेकर देऊ शकत नाही. पोट फुगते, छातीवर दाब येतो. पोटातले पाणी-चारा उलटून श्वासनलिकेत गेला तर जनावर हातचे जाते. म्हणून मोठ्या जनावराचा चारा साधारण 18 ते 24 तास आधी बंद ठेवतात. दूधपित्या वासराला मात्र इतके उपाशी ठेवू नये. किती वेळ, ते डॉक्टरांना विचारावे.

खरे तर गोठ्यातल्या बहुतेक कामांना पूर्ण भुलीची गरजच नसते. लिग्नोकेनने तेवढीच जागा बधिर करता येते. शिंगासाठी डोळ्याचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधोमध नसेजवळ टोचतात. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. घाई करून लगेच चिमटा लावला तर इंजेक्शन फुकट. करडांत लिग्नोकेनचीही मात्रा चटकन जास्त होते: 10 किलोच्या करडाला 2 टक्क्यांचे अडीच मिली म्हणजे जवळपास मर्यादाच. त्यामुळे वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करावे.

गुंगी आलेले जनावर सावलीत, पोटावर बसते ठेवावे. मान थोडी उंच आणि तोंड खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते. नीट उभे राहून गिळू लागेपर्यंत चारा-पाणी नको. पोट फुगले किंवा श्वास अडखळला तर लगेच डॉक्टरांना बोलवावे. झायलाझिनचा असर उतरवणारे औषध असते. दूध किती दिवस विकायचे नाही, हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.

पशुधन पर्यवेक्षक आणि कृषी सहायकांना एक सुचवतो. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. त्यामुळे भात निघाल्यावर, थंडीत, गावातले गोऱ्हे एकाच दिवशी जमवा आणि तारीख दवाखान्याला आधी कळवा. एका वासरासाठी डॉक्टरांची फेरी मिळणे अवघड, पंधरा वासरांसाठी मिळते. अचानक अडचण आली तर 1962 हा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.