विलंब विमानास, भुर्दंड प्रवाशास

गोवा ते मुंबई हा हवाई प्रवास जेमतेम सव्वा तासाचा. परंतु दाबोळी वा मोपा येथे विमानाची वाट पाहण्यातच त्याच्या दुप्पट वेळ जावा, यात आता कोणास नवल वाटत नाही. वादळ-धुक्यापुढे इलाज नाही, हे आम्हांस मान्य आहे. मात्र विलंबाचे खरे कारण सांगण्यास कोणते हवामान आड येते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम २०१० पासून अमलात आहेत. या मार्गावर दोन तासांच्या विलंबास अल्पोपाहार, सहा तासांहून अधिक विलंबास पर्यायी विमान अथवा भाड्याचा परतावा, हे प्रवाशाचे हक्क आहेत. कंपनीचे उपकार नव्हेत. तथापि कंपनीच्या दोषाने उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास ७,५०० रुपयांपर्यंत भरपाई, आणि तेच पाच तास रखडल्यास केवळ चहा-फराळ, हा कोठला न्याय? मुंबईच्या इस्पितळात वा न्यायालयात वेळेवर न पोचलेल्याची हानी दोन्हीकडे सारखीच. अशा दीर्घ विलंबासही भरपाई लागू व्हावी आणि हे नियम विमानतळावर ठळकपणे मराठी-कोकणीतून लावावेत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.