पार्वो : एका डोसावर पिल्लू सुटत नाही

राखणीला आणलेलं पिल्लू खाणं सोडतं, ओकतं, रक्ताची घाण वासाची हगवण लागते. मालक म्हणतो, ‘कुणीतरी विष घातलं.’ अनेकदा तो पार्वो असतो. १९७८ च्या सुमारास ओळखला गेलेला हा विषाणू; लस आहे, तरी पिल्लं मरतातच.

गोम डोसांत आहे. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तीच लस निकामी करते. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. एक टोचून ‘झालं’ म्हणणारे इथंच फसतात. लस बर्फाऐवजी खिशातून आणली तरी तीच गत.

लाळ्या-खुरकूताची लस २०१९ पासून केंद्राच्या खर्चानं गुरांना मिळते. पार्वो त्या कार्यक्रमात नाही. कुत्र्यांचा विषय निघाला की चर्चा रेबीजवरच थांबते. दुभत्या जनावराला आधी मान, हे समजतं. पण मेंढपाळाच्या कुत्र्याची किंमत कोण धरणार?

विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. फरशी, भांडी धुवायला फिनाईलवर भरवसा नको. ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच, दहा मिनिटं. मातीच्या अंगणात तेही पुरत नाही. पिल्लू गेलं त्याच दावणीला लगेच दुसरं बिनलशीचं बांधू नये.