भाऊबीजेचे तबक आणि दाराशी ठेवलेले गाठोडे

दीपावली जवळ आली की घरोघर आवराआवरीस आरंभ होतो. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना रंग लागतो, कपाटे रिकामी होतात आणि वापरून विटलेल्या वस्त्रांचे एक गाठोडे दाराशी येऊन बसते. ‘कोणा गरजूला देऊ,’ असे म्हणून गृहिणी ते बाजूस ठेवते. तिचा हेतू निर्मळ असतो, याविषयी शंका नाही. परंतु त्याच दीपावलीत भाऊबीजेला बहिणीने ओवाळल्यावर कोणी भाऊ तिच्या तबकात नेसून जुने झालेले लुगडे घालतो काय? ऐपत नसेल तर तो साधे खणाचे कापड घालील. पण घालील ते कोरे. एकाच सणात एकाच घरातून दोन प्रकारची वस्त्रे बाहेर पडतात. या दोहोंतील अंतराचा विचार करण्याची वेळ अलीकडच्या आपत्तींनी आपणांवर आणली आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीनेसारख्या नद्यांनी पात्रे सोडली. उभी पिके गेली, कित्येक शेतांतील मातीही खरवडून गेली. चिखलाने भरलेल्या घरांतून जी माणसे बाहेर पडली, त्यांपैकी अनेकांपाशी अंगावरच्या ओल्या कपड्यांखेरीज काही उरले नव्हते. अन्नाची मदत तुलनेने लवकर पोहोचते, कारण भूक सर्वांना समजते. वस्त्राची निकड मात्र सांगतानाही संकोच वाटतो, म्हणून ती झाकून राहते.

‘सत्याचे प्रयोग’ या आपल्या आत्मचरित्रात गांधीजींनी चंपारण्यातील एक प्रसंग नोंदवला आहे. तेथील स्त्रियांनी स्वच्छ राहावे, वस्त्रे धुवावीत, असे समजावण्यास कस्तुरबा गेल्या, तेव्हा एका स्त्रीने त्यांना आपल्या झोपडीत नेऊन दाखवले की, तिच्यापाशी अंगावरच्या साडीवाचून दुसरी साडीच नाही. मग धुवावी कोणती आणि नेसावी कोणती? पहिले वस्त्र लज्जारक्षण करते. आरोग्य मात्र दुसऱ्या वस्त्रापासून सुरू होते. पुराने वेढलेल्या गावात प्रत्येक स्त्री एका रात्रीत त्या झोपडीतील स्त्री होते. ओले कपडे अंगावर वाळवल्याने त्वचेचे विकार जडतात. कपड्यांवाचून मुले शाळेत जाण्यास लाजतात. अशा वेळी हाती आलेला कोरा जोड म्हणजे औषध आहे आणि धीरही आहे. घडी न मोडलेले वस्त्र हाती घेणाऱ्यास न बोलता कळते की, कोणी तरी आपला विचार करून हे आणले आहे.

येथे एक कबुली देणे मला भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत हाहाकार उडवला, तेव्हा मी कीर्तनाच्या उत्तररंगात वस्त्रदानाचे आवाहन केले. श्रोत्यांनी भरभरून गाठोडी आणली. ती न उघडताच आम्ही नदीकाठच्या एका गावी नेली. तेथे गाठी सुटल्या आणि माझी मान खाली गेली. हुकांवाचूनची पोलकी, विरलेली धोतरे, लग्नसमारंभातील जड जरीचे झगे! एक वृद्धा पोलके परत ठेवीत शांतपणे म्हणाली, ‘महाराज, पाण्यानं घर नेलंय, पत न्हाई नेली.’ इतकी वर्षे मी दानाची आख्याने सांगत आलो. त्या दिवशीचे निरूपण त्या माउलीने केले.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. घेणारी माणसे गरजू होती. पण दान त्यांच्या गरजेचे नव्हते.

कठोपनिषदाचा आरंभच या दोषापासून होतो. वाजश्रवस् सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि दक्षिणा म्हणून म्हाताऱ्या, आटलेल्या गाई देतो. ते पाहून बालक नचिकेत्याच्या मनात श्रद्धा जागी होते आणि तो पित्यास विचारतो की, मला कोणास देणार? आपल्या दाराशी ठेवलेले गाठोडे त्या गाईंच्याच कुळातले नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अवहेलनेने, देश, काल आणि पात्र न पाहता दिलेले ते तामस. फळाच्या आशेने दिलेले ते राजस. २०२५ च्या पुरात मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे झळकली आणि त्यावर टीकाही झाली. ती पाहून राजस दान म्हणजे काय, हे समजण्यास भाष्य उघडण्याची आवश्यकता उरली नाही. सात्त्विक दान ते, जे देणे हे आपले कर्तव्य आहे, एवढ्याच बुद्धीने योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीस दिले जाते.

नव्या वस्त्राच्या दानात आणखी एक पुण्य दडलेले आहे. तमिळनाडू शासनाने १९८३ मध्ये पोंगल सणासाठी गरिबांना धोतर व साडी देण्याची योजना सुरू केली, तेव्हा विणकरांना काम मिळावे, हाही तिचा हेतू होता. म्हणजे एका वस्त्राने दोन घरांत सण आला. नेसणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या. आपल्याकडेही सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव ही गावे मागांच्या आवाजावर जगतात. सोलापुरी चादर विकत घेऊन पूरग्रस्तास दिली, तर दान वाटेतच अर्धे फळते.

‘मग जुने कपडे फेकून द्यावेत काय?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. १९९९ पासून काम करणारी ‘गूंज’ ही संस्था वापरलेले कपडे निवडते, दुरुस्त करते आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या श्रमांचा मोबदला म्हणून देते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. तेथे जुन्या वस्त्रालाही मान आहे, कारण घेणाऱ्याचा मान आधी राखला आहे. धुतलेले, धड, वापरण्याजोगे वस्त्र अवश्य द्यावे. फक्त अडगळ काढण्यास दान हे नाव देऊ नये.

देण्यापूर्वी विचारावे, हा पहिला नियम. साडी दिली तर सोबत परकर आणि पोलक्याचे कापडही असावे, कारण नुसत्या साडीने स्त्रीचा पेहराव पुरा होत नाही. अंतर्वस्त्रे, टॉवेल, मुलांचे मापाचे कपडे यांची आठवण कोणास होत नाही, ती ठेवावी. गाव दूर असेल तर विश्वासू हाती रक्कम द्यावी, म्हणजे तेथल्याच दुकानातून खरेदी होईल आणि पुरात बसलेल्या त्या दुकानदाराचाही संसार सावरेल. शक्ती एका टॉवेलाचीच असेल तर टॉवेलच द्यावा. पण कोरा द्यावा.

या भाऊबीजेला तबकात ओवाळणी घालताना आणखी एका न पाहिलेल्या बहिणीचे स्मरण प्रत्येक घराने करावे आणि तिच्यासाठी एक वस्त्र बाजूस काढावे. कौरवसभेत द्रौपदीने हाक मारली, तेव्हा तिच्या पाठिराख्याने पुरवलेली वस्त्रे कोणाच्या गाठोड्यातून आलेली नव्हती. तीच बुद्धी आपणां सर्वांस होवो, एवढेच मागणे श्रीचरणी मागून सेवा पूर्ण करतो.